चव्हाट्यावरून परतीची वाट

कॉलेजच्या नावाने चालणाऱ्या निनावी इन्स्टाग्राम पेजची रचना अगदी साधी असते. बायोमध्ये गुगल फॉर्मची लिंक. फॉर्ममध्ये नाव विचारलेले नसते, फक्त एक मोठा रिकामा चौकोन असतो. आलेला मजकूर ॲडमिन उचलतो, रंगीत पार्श्वभूमीवर चिकटवतो आणि पोस्ट करतो. सुरुवातीला 'लायब्ररीत रोज खिडकीपाशी बसणाऱ्या मुलीला सांगा' अशा धर्तीचे कबुलीजबाब येतात. मग एखाद्या दिवशी स्क्रीनशॉट येतो. त्यावर नाव असते, वर्ग असतो, आरोप असतो. संध्याकाळी सातला पडलेली पोस्ट साडेआठला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असते, दहाला शेजारच्या कॉलेजच्या पेजवर आणि झोपायच्या आत त्या मुलाच्या किंवा मुलीच्या नातेवाइकांच्या फोनवर. मुले याला 'एक्स्पोज करणे' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी जुना शब्द आहे : चव्हाट्यावर आणणे.

यावर मोठ्यांची प्रतिक्रिया ठरलेली असते. ही पिढी निर्दयी झाली आहे, हातातले फोन काढून घ्या. हे निदान चुकीचे आहे, आणि चुकीच्या निदानावर केलेला उपाय मुलांना आणखी एकटे पाडतो. एखादी पोस्ट पुढे ढकलणाऱ्या मुलीला विचारले, तर ती दोन गोष्टी एकाच दमात सांगेल. बोंब मारल्याशिवाय इथे कुणी ऐकत नाही, ही पहिली. यात जो सापडला तो संपला, ही दुसरी. दोन्ही तिला मनापासून पटलेल्या असतात, आणि दुर्दैवाने दोन्ही खऱ्या आहेत. चव्हाटा बंद करता येणार नाही आणि करूही नये. मात्र तिथवर जाण्याआधीच्या पायऱ्या आपण मोडून ठेवल्या आहेत आणि तिथून परत येण्याची वाट तर कधी बांधलीच नाही. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती गंभीर आहे.

पायऱ्यांचे आधी पाहू. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) २०१५ ची नियमावली यांनुसार कॉलेजात अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत करायची, पुरेसे कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची, त्यानंतर १० दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो दोन्ही पक्षांना मिळाला पाहिजे. चौकशी चालू असतानाही अंतरिम दिलासा मागता येतो. कागदावर हे सगळे चांगले आहे. प्रत्यक्षात गाडी अडते ती फार बारीक ठिकाणी. फलकावरच्या समितीत दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या बाईंचे नाव असते. दिलेला ईमेल कुणी उघडत नाही. तक्रार घेतली तरी पोच मिळत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे 'हे गोपनीय आहे' असे सांगून तक्रारदारालाही काही कळवले जात नाही. कायद्याच्या १६ व्या कलमातील गोपनीयता बाहेरच्या जगासाठी आहे. तक्रार कोणत्या टप्प्यावर आहे हे तक्रारदाराला सांगू नका, असे ते कुठेही म्हणत नाही. अनेक मुली काही आठवडे वाट पाहून पेजकडे वळतात, त्या सूड घ्यायला नव्हे. आपली तक्रार कुणी वाचली तरी का, हेच त्यांना कळलेले नसते.

आणि बोंब मारून खरेच काही होते, हेही मुलांनी पाहिले आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवले. १७ वर्षांच्या चालकाला त्याच दिवशी जामीन मिळाला. जामिनाच्या अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. ती बातमी मोबाइलवर पोहोचली आणि राज्यभर संतापाची लाट उसळली. त्यानंतर तपासाकडे सगळ्यांचे लक्ष गेले, आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. तो संताप उसळला नसता तर हे इतक्या लवकर उघड झाले असते, असे कुणी छातीठोकपणे म्हणू शकेल का? मला तरी म्हणता येत नाही.

पण त्याच प्रकरणाची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. त्याच आठवड्यात एक शिवराळ रॅप व्हिडिओ फिरला. जामिनावर सुटलेल्या मुलाने माज दाखवला, असे त्याखाली लिहिलेले होते. व्हिडिओ दुसऱ्याच तरुणाचा होता. पोलिसांनी तसे सांगेपर्यंत तो लाखोंनी पाहिला होता. आणि २२ मे रोजी बाल न्याय मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात पाठवले, ते आदेश २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितले. गोंगाट बंद फाइल उघडू शकतो, झोपलेल्या यंत्रणेला उठवू शकतो. शिक्षा काय आणि किती, हे ठरवणे मात्र त्याच्या आवाक्यातले नाही. तरुणांनी चव्हाट्याकडे बघताना हा फरक पक्का धरावा, असे मला वाटते. 'चौकशी करा' ही मागणी आणि 'याला संपवा' ही मागणी एकाच पोस्टमध्ये शेजारी शेजारी बसतात, पण पहिली नागरिकाची आहे आणि दुसरी झुंडीची.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये लैंगिक छळाचे अनुभव उघडपणे मांडणारी 'मी टू'ची लाट आली, तेव्हा हा फरक अनेक स्त्रियांनी कसोशीने पाळला होता. त्यांनी आपले नाव लावून लिहिले, काय झाले, कुठे झाले, केव्हा झाले ते सांगितले, आणि बोट सत्तेच्या जागी बसलेल्या माणसांकडे होते. एम. जे. अकबर यांना केंद्रीय मंत्रिपद सोडावे लागले. त्यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर लावलेल्या फौजदारी बदनामीच्या खटल्यात १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष ठरवले आणि स्त्रीला आपली तक्रार तिच्या पसंतीच्या कोणत्याही व्यासपीठावर, अनेक दशकांनंतरही मांडता येते, असे म्हटले. चव्हाट्यावर जाण्याचा हक्क कुणी खेचून घेऊ पाहील, तर हा निकाल त्याच्यासमोर ठेवावा.

आता ज्यांची धिंड निघाली आणि नंतर कुणी वळूनही पाहिले नाही, त्यांच्याकडे वळू. नोव्हेंबर २०१४ मध्ये रोहतकजवळच्या बसमधला व्हिडिओ देशभर गाजला. छेडछाडीच्या आरोपावरून दोन बहिणी तीन तरुणांना पट्ट्याने मारत होत्या. मुलींचा सत्कार करण्याच्या घोषणा झाल्या, तरुणांची लष्करभरतीची संधी गेली. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने तिघांनाही सोडून दिले. ऑगस्ट २०१५ मध्ये दिल्लीतल्या एका सिग्नलवर काढलेला एका तरुणाचा फोटो छेडछाडीच्या आरोपासह फेसबुकवर गेला, वाहिन्यांनी त्या तरुणाला विकृत ठरवले. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो सुटला, चार वर्षांनी. निर्दोष सुटणे म्हणजे तक्रार खोटीच होती असे नव्हे, पुरावा पुरेसा नव्हता एवढेच त्यातून निश्चित होते. पण या मुलांना दोषी ठरवायला चार तास पुरले होते, हेही तितकेच निश्चित आहे.

मे २०२० चे प्रकरण प्रत्येक कॉलेजात शिकवावे इतके महत्त्वाचे आहे. लॉकडाउनमध्ये दिल्लीतल्या शाळकरी मुलांचा एक इन्स्टाग्राम ग्रुप उघडकीला आला. मुलींचे फोटो, त्यांच्या शरीरावर किळसवाणी शेरेबाजी. ते खरे होते आणि मुलींनी ते बाहेर आणले हे योग्यच केले. त्या स्क्रीनशॉटच्या गठ्ठ्यात मात्र एक वेगळाच स्क्रीनशॉट मिसळला गेला, सामूहिक बलात्काराची भाषा असलेला. सर्वांत जास्त संताप त्यावरच झाला. दिल्ली पोलिसांच्या तपासात निघाले ते असे : तो त्या ग्रुपमधला नव्हताच. ते स्नॅपचॅटवरचे दोघांमधले संभाषण होते, आणि बलात्काराचा विषय काढणारे खाते एका मुलीनेच मुलाच्या खोट्या नावाने उघडले होते. समोरचा मुलगा काय म्हणतो, त्याची परीक्षा पाहण्यासाठी. त्याने नकार दिला होता. त्याच दिवसांत गुरुग्रामच्या एका १७ वर्षांच्या मुलावर इन्स्टाग्रामवर वेगळाच आरोप झाला आणि त्याने जीव दिला. लोकांनी या तीनही गोष्टींची एकच मोट बांधली. खरा गुन्हा, चुकून मिसळलेला कागद आणि न तपासलेला आरोप यांत कुणालाच फरक करता आला नाही, कारण पडद्यावर तीनही सारखेच दिसत होते.

स्क्रीनशॉट हा पुरावा म्हणून किती कच्चा असतो, हे त्यावर विश्वास ठेवणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते. व्हॉट्सॲपच्या चॅटवर जे नाव दिसते ते फोनच्या मालकाने सेव्ह केलेले असते. आपल्याच दुसऱ्या सिमचा नंबर हव्या त्या नावाने सेव्ह करायचा, डीपी लावायचा आणि स्वतःशीच गप्पा मारायच्या, पाच मिनिटांचे काम. 'डिलीट फॉर मी' वापरून आपला चिथावणारा मेसेज तेवढा काढून टाकला की समोरच्याचे उत्तर एकटे आणि भयंकर दिसते. संगणकाच्या ब्राउझरमध्ये 'इन्स्पेक्ट' करून पानावरचा कोणताही शब्द तात्पुरता बदलता येतो. आणि यातले काहीच केले नाही, तरी नुसत्या क्रॉपने तारीख जाते, वरचा प्रश्न जातो, खालची माफी जाते. म्हणून पेज चालवणाऱ्याने एकटा स्क्रीनशॉट घेऊच नये. प्रोफाइल उघडण्यापासून त्या चॅटपर्यंत सलग स्क्रोल केलेले स्क्रीन रेकॉर्डिंग मागावे, ज्यात कॉन्टॅक्टचा नंबर किंवा युजरनेम आणि तारखा दिसतील. एवढ्या मागणीनेच बनावट मजकुरातला मोठा भाग गळून पडतो. तक्रार खरी असेल तर या रेकॉर्डिंगचा पुढे पोलिसांकडेही उपयोग होतो. न्यायालयात मात्र मूळ फोन, किंवा प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालचे प्रमाणपत्र लागते. राग येऊन फोन फॉरमॅट केला, की स्वतःचाच पुरावा हातून जातो.

मग इतकी हुशार मुले तपासल्याशिवाय पुढे का पाठवतात? एक उत्तर यंत्राच्या बाजूचे आहे. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ७,३३१ जणांची १ कोटी २७ लाख ट्वीट अभ्यासली. संतापाच्या पोस्टला जास्त लाइक आणि रिट्वीट मिळाले, की तीच व्यक्ती पुढच्या वेळी आणखी संतापून लिहिते, असे त्यांना आढळले. म्हणजे संताप ही नुसती भावना राहत नाही, ती लागलेली सवय होते. दुसरे उत्तर भीतीचे आहे, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. सगळ्या वर्गाने स्टोरी ठेवली आणि तू ठेवली नाहीस, तर 'तू त्याच्या बाजूचा का?' हा प्रश्न येतो. गप्प बसणाऱ्याचाही उद्या स्क्रीनशॉट निघू शकतो. अनेक जण स्टोरी ठेवतात ती दुसऱ्याला दगड मारायला नव्हे, स्वतःला दगड लागू नये म्हणून. दगड मात्र लागायचा त्याला लागतोच. आणि प्रत्येकाचा वाटा इतका छोटा असतो, की जे झाले ते आपण केले असे कुणालाच वाटत नाही.

महाराष्ट्राला ही भीती नवी नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींना चहा-बिस्किटे दिली गेली. टिळक होते, रानडे होते. कुणी चहा प्यायले, कुणी नुसता कप हाती घेतला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. यादीत प्यायलेले आणि न प्यायलेले सारखेच. त्यातून ग्रामण्य, म्हणजे धर्म बाटल्यावरून बहिष्काराचा वाद, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाने अखेर प्रायश्चित्त घेतले. चहा पिणे हा अपराध नव्हता, ग्रामण्य अन्यायीच होते, त्याचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. जातपंचायतींनी तर वाळीत टाकण्याचा आणि दंड उकळून परत घेण्याचा धंदाच मांडला, म्हणून महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. २०१६ मध्ये मंजूर झालेला आणि २०१७ पासून लागू असलेला, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगणारा. तो जातीच्या बहिष्कारासाठी आहे, इन्स्टाग्रामसाठी नव्हे. पण एक गोष्ट खटकत राहते. त्या अन्यायी व्यवस्थेलाही 'आता पुरे, हा परत आला' असे म्हणायची एक रीत होती. आजच्या चव्हाट्याला ती नाही. माफी मागितली तर 'पकडला गेला म्हणून', नाही मागितली तर 'बघा माज', गप्प राहिला तर 'म्हणजे खरेच असणार'. तेराव्या वर्षी लिहिलेली ओळ विसाव्या वर्षी निघते आणि मधल्या सात वर्षांत माणूस बदलला असेल, हे कुणी गृहीतच धरत नाही.

नवा कडक कायदा करा, ही सूचना लगेच येते. मला ती धोक्याची वाटते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या एका तरुणीला आणि ती पोस्ट लाइक करणाऱ्या दुसरीला अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम तेव्हा वापरले गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. मोघम कायद्याचा फटका पहिल्यांदा तरुणांनाच बसतो. शिवाय आहे तो कायदा कमी नाही. अल्पवयीन आरोपी किंवा पीडित मुलाची ओळख उघड केली, तर बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाखाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बारावीतल्या मुलाचे नाव टाकणाऱ्या पेज ॲडमिनला हे माहीत नसते. फौजदारी बदनामीत 'पण ते खरे आहे' एवढे पुरत नाही, ते सांगणे लोकहिताचेही असावे लागते. आणि पुढे पाठवणाराही सुटत नाही. बदनामीकारक मजकूर रिट्वीट करणे हीसुद्धा बदनामी ठरू शकते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटले आहे.

नेमके करावे काय? कॉलेजांचे काम सर्वांत स्वस्त आहे. समितीतल्या लोकांची चालू नावे आणि फोन नंबर दर सत्राच्या पहिल्या आठवड्यात लावणे, तक्रारीची लेखी पोच दुसऱ्या दिवशी देणे, आणि दर पंधरा दिवसांनी तक्रारदाराला एक ओळ कळवणे : जबाब झाले, साक्षी चालू आहेत, अहवाल अमुक तारखेला. याला ना पैसा लागतो ना परवानगी.

पेज चालवणाऱ्यांनी आधी हे पाहावे, की बोट वर जाते आहे की खाली. ज्याच्याकडे अधिकार आहे तो माणूस, तक्रार दाबून बसलेली संस्था, इतरांना आज धोका असलेली जागा, यांच्याबद्दल चव्हाट्यावर बोलावे लागते. ब्रेकअपची भांडणे, कुणाचे दिसणे, कुणाचे इंग्रजी, अल्पवयीन मुलांच्या चुका यांना तिथे जागा नाही. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत पहिल्या आलेल्या मुलीला चेहऱ्यावरच्या केसांवरून छळले गेले. त्यात उघडकीला आणण्यासारखे होते तरी काय? पोस्ट टाकायचीच असेल तर आधी कुठे आणि कधी तक्रार केली ते विचारावे, ज्याच्यावर आरोप आहे त्याला उत्तराला एक दिवस द्यावा, आणि फोन नंबर, पत्ता, आईवडिलांची नोकरी यांतले काहीही जाऊ देऊ नये. धमक्यांचे फोन नेहमी याच तपशिलावरून सुरू होतात.

आणि जो सापडला आहे त्याने, किंवा त्याच्या मित्राने, पहिल्या तासात खाते डिलीट करू नये. आधी पोस्टची लिंक, खात्याची लिंक, तारीख-वेळ नोंदवावी. युजरनेम बदलता येते, म्हणून नुसता फोटो पुरत नाही. मग खाते प्रायव्हेट करावे, 'लिमिट' लावून अनोळखी कमेंट थांबवाव्यात, आणि फोन विश्वासातल्या एकाकडे द्यावा. येणारे मेसेज त्याने वाचावेत, आपण नाही. खासगी फोटो पसरवला गेला असेल तर प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला लगेच लिहावे. २०२१ च्या नियमांनी अशा मजकुरासाठी २४ तासांची मुदत घातली होती. स्टॉपएनसीआयआय या सेवेवर फोटो अपलोड न करता फक्त त्याचा डिजिटल ठसा देऊन तो सहभागी प्लॅटफॉर्मवर पुन्हा चढण्यापासून रोखता येतो. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार करता येते. चूक झाली असेल तर माफी एकदाच, 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे शेपूट न लावता, ज्याचे नुकसान झाले त्याला आधी आणि जगाला नंतर. त्या पहिल्या तीन रात्री घरच्यांनी प्रश्न कमी विचारावेत, त्याला एकटे सोडू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येते.

परतीच्या वाटेचा पहिला दगड पेजवाल्यांच्याच हातात आहे. आरोप चुकीचा निघाला तर आज काय होते? पोस्ट गुपचूप काढली जाते, फार तर एक स्टोरी येते आणि ती २४ तासांत नाहीशी होते. आरोप मात्र पोस्ट म्हणून गेलेला असतो, शंभर ठिकाणी साठलेला असतो. म्हणून दुरुस्तीही पोस्ट म्हणूनच जावी, त्याच पेजवर, त्याच खात्यांना टॅग करून, आणि प्रोफाइलच्या वर पिन करून ठेवावी. ती पिन कधी काढायची, हे ॲडमिनने नव्हे, ज्याचे नाव गेले त्याने ठरवावे.